तीन मिनिटं गप्प

पोलिझोसची बादली ओळखत नाही असा माणूस आमच्या किनाऱ्यावर नव्हता. जस्ताची होती, कडी तुटलेली, तारेने बांधलेली. चोरून रेडिओ चालवणाऱ्याचं घर सापडलं की तो आधी त्याच्याच विहिरीवर जाऊन बादली भरून घ्यायचा आणि मग दार वाजवायचा. आत गेला की यंत्र बंद करायचा, तापलेले काचेचे व्हॉल्व्ह फडक्यात धरून एकेक उपसायचा आणि थंड पाण्यात सोडायचा. चर्र आवाज व्हायचा आणि काच तडकायची. मालकाला शेजारी उभं करून तो हे करायचा. कायद्यात बादली कुठेच नव्हती. यंत्र जप्त करा आणि पावती द्या, एवढंच लिहिलेलं होतं. बादली ही पोलिझोसने पदरची घातलेली भर होती.

"कीर पोलिझोस, घेऊन जा, पण फोडू नका हो," असं एकदा एका म्हाताऱ्या न्हाव्याने त्याला, नावाआधी आमच्याकडचं आदराचं 'कीर' लावून, विनवलं होतं. पोरींच्या लग्नात घातलेला कोट अंगावर चढवून, हात जोडून उभा होता बिचारा.

"नेलेलं परत येतं," पोलिझोस म्हणाला. "फुटलेलं येत नाही."

न्हावी रडला. पोलिझोसने त्याचीही पावती फाडली. सांगायचा मुद्दा हा की माणूस मऊ नव्हता. मऊ असता तर ही गोष्टच झाली नसती असं कुणाला वाटेल, पण नेमकं उलटं आहे. तो जन्मात एकदाच मऊ झाला, आणि त्या एकाच खेपेने पुरेसं वाटोळं केलं.

पोलिझोस गात्झास आमच्याच ग्लिफोनेरी गावचा. सोळा वर्षं मालवाहू जहाजांवर मार्कोनी होता. जहाजावरचा रेडिओ सांभाळणाऱ्याला आमच्याकडे मार्कोनीच म्हणतात. पुढे पोटाच्या दुखण्याने जहाज सुटलं आणि तो शहरातल्या रेडिओ लहरींच्या कचेरीत चिकटला. काम असं की अख्ख्या टापूत कोण कुणाच्या बोलण्यात घुसतोय ते शोधायचं. आग विझवणाऱ्यांच्या बोलण्यात टॅक्सीवाले, टॅक्सीवाल्यांच्या बोलण्यात लग्नाची गाणी, आणि पलीकडच्या बेटाच्या फेरीबोटीवर कप्तानाला मार्गाऐवजी खाटकाचं प्रेमगीत ऐकू यायचं. ते सत्तरचं दशक होतं. थेसालीच्या मैदानात दर तिसऱ्या गॅरेजात एक हौशी बसलेला असायचा, घरी गुंडाळलेली तार, जुन्या लष्करी मालातले व्हॉल्व्ह, आणि संध्याकाळी अमुककडून तमुकला गाणं भेट. पोलिझोसकडे एक खटारा गाडी, छपरावर फिरवायचं गोल एरियल, हेडफोन आणि लहरीचा जोर दाखवणारा काट्याचा मीटर. मीटरकडे तो ढुंकूनही बघत नसे. "काटे पोरासोरांसाठी असतात, मार्कोनीला कान पुरतात," असं म्हणायचा. मीटरच्या खुंटीवर त्याची अंबरी मण्यांची माळ लटकत असायची, बरोबर काट्यावर.

लोकांनीही सूड उगवला. त्याच्या एरियलला कुणी मेलेला ऑक्टोपस बांधला, तो दोन दिवस उन्हात वास मारत फिरला. हौशी लोक त्याला गाणी भेट द्यायचे. "पुढचं गाणं कीर पोलिझोस यांना, ज्यांचे कान एवढे मोठे आहेत, कारण देवाला कुठेतरी भरपाई करायचीच होती." अख्खं मैदान हसायचं. तो गाडीत बसून ऐकायचा आणि एरियल फिरवत फिरवत हसणाऱ्याच्या दारापर्यंत पोचायचा.

पण एका आकड्यापुढे या माणसाची आंबट जीभसुद्धा जपून चालायची. दोन हजार एकशे ब्याऐंशी. बुडणाऱ्याने ज्या लहरीवर हाक मारायची ती ही. आमच्या केपवर, म्हणजे समुद्रात घुसलेल्या भूशिरावर, गावापासून दोन किलोमीटरवर टेकडीत, एक ऐकणारं केंद्र होतं आणि तिथले लोक दिवसरात्र त्याच आकड्याला कान लावून बसायचे. त्या आकड्याचा एक नियम होता. दर तासाच्या ठोक्याला आणि दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं कुणीही काही पाठवायचं नाही. जहाजातल्या रेडिओच्या घड्याळावर तेवढ्या दोन फाका लाल रंगवलेल्या असतात. काटा लालमध्ये शिरला की सगळ्या समुद्राने ऐकायचं, म्हणजे ज्याची बॅटरी मरायला टेकलीय त्याचासुद्धा आवाज सापडावा. आमच्या भाषेत याला 'स्योपी' म्हणतात. हाच शब्द मास्तर टेबलावर पट्टी आपटून म्हणतो आणि पाद्री कुजबुजणाऱ्या बायकांकडे बघून म्हणतो. गप्प.

पोलिझोसला गावाने नावही तेच ठेवलं होतं. स्योपी आला, स्योपी गेला.

आता मालामोकडे येऊ. मालामो म्हणजे वायोस मच्छीमाराची बायको, पस्तिशीची, आवाज थोडा घोगरा, हात बाईच्या हातासारखे नाहीत, सुताराच्या हातासारखे. मुलंबाळं नव्हती. नवरा समुद्रावर गेला की ती मागच्या खोलीत बसून यंत्र चालवायची, रोज दुपारी चार ते सहा. यंत्र तिने स्वतः बांधलं होतं, तारेचा एकेक वेढा स्वतः मोजून. आकडा एक हजार एक्क्याण्णव, यंत्रातल्या क्रिस्टलच्या खड्याने ठरवून दिलेला. बोटीवरचा प्रत्येक माणूस खिशातल्या छोट्या रेडिओवर तिलाच लावायचा. वारा कुठून फिरतोय, कुणाच्या सुनेला काय झालं, कुणाची सासू कुणाच्या कोंबड्यांवरून भांडली, सगळं तिथे कळायचं, मध्ये मध्ये गाणी. ही बाई किनाऱ्याचा जीव की प्राण होती असं म्हटलं तर कमीच पडेल.

घोटाळा असा की घरगुती यंत्राची एक खोड असते. ज्या आकड्यावर ते बोलतं त्याच्या दुप्पट आकड्यावरही त्याची सावली पडते. एक हजार एक्क्याण्णवची दुप्पट करून बघा. मालामोची गाणी थेट बुडणाऱ्याच्या लहरीवर, केपवरच्या लोकांच्या कानात.

केपवरून तक्रार आली तेव्हा पोलिझोसला घर शोधावं लागलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. तो दोन वर्षं डोळेझाक करत होता, आणि त्याला कारण होतं. पोलिझोस या नावाचा संत पंचांगात नाही. आमच्याकडे वाढदिवस कुणी धरत नाही, संताच्या दिवशी त्या नावाच्या माणसाच्या घरी लोक जातात, गोड खातात. पोलिझोसकडे आयुष्यात कुणी गेलं नव्हतं. एका वर्षी सर्व संतांच्या रविवारी, गाडीत एकटा हेडफोन लावून बसलेला असताना त्याने मालामोचा आवाज ऐकला. "आज ज्यांना स्वतःचा संत नाही त्यांचा दिवस. आमच्या स्योपीलाही पुष्कळ वर्षं आयुष्य लाभो. ऐकतच असेल मेला." आणि गाणं लावलं. चांगलं गाणं होतं, चिडवायचं नव्हतं. तो गाण्याच्या शेवटपर्यंत एरियल न फिरवता बसून राहिला. त्यानंतर तिच्या दाराशी बादली नेणं त्याला जमेना.

तक्रार आल्यावर मात्र जावंच लागलं. वायोस समुद्रावर होता, आणि नवरा समुद्रावर असताना एकटा पुरुष घरात पाऊल टाकत नाही. तो अंगणाच्या भिंतीबाहेर उभा राहिला, ती आत, भिंत छातीएवढी.

"बादली आणलीस?" तिने विचारलं.

"गाडीत आहे."

"मग भर की. विहीर तिकडे आहे, दोर जरा जपून ओढ, कुजलाय."

"मालामो, चेष्टा पुरे. तुझी सावली केपवर पडते. उद्या कुणी बुडत असेल तर त्याच्या हाकेऐवजी तुझी गाणी ऐकतील ते. आकडा बदल."

"क्रिस्टलवर एकच आकडा असतो. मार्कोनी ना तू?"

"दुसरं क्रिस्टल घे."

"हे वायोसने दिलंय. लग्नानंतर पहिल्या वर्षी, पिरेअसच्या जुन्या बाजारातून. बाकीच्या बायका साखळ्या मागतात, मी हे मागितलं. ते बदलणार नाही. फोडायचं तर फोड."

पोलिझोस भिंतीवरचा चुना नखाने खरवडत राहिला. न्हाव्याला एवढा वेळ दिला नव्हता त्याने.

"मग असं कर," तो म्हणाला. "तासाच्या ठोक्याला आणि अर्ध्या तासाला, तीन तीन मिनिटं गप्प. मी वर काही कळवत नाही. पण एकही चुकवायचं नाही."

"तीन मिनिटं गप्प? बस?"

"बस."

"त्यात काय एवढं. सासूपुढे मी अकरा वर्षं गप्प बसलेय."

एवढ्यावर मिटलं. पोलिझोस रिकामी बादली घेऊन परत गेला. मालामोने त्याच दिवशी भिंतीवरच्या घड्याळावर नखांच्या लाल रंगाने दोन फाका रंगवल्या. वायोस परत आल्यावर त्याने कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत पोलिझोसच्या पाठीवर थाप मारली.

"माझ्या बायकोला गप्प बसवणारा पहिला माणूस तू," तो म्हणाला. "मला जमलं नव्हतं. एक त्सिपुरो पी माझ्याकडून."

दुकानदार बार्बा थोमास गालातल्या गालात हसत दारूचा पेला आणून ठेवून गेला. पोलिझोस प्यायला, आणि प्यायल्यावर त्याला शिकवायची हौस आली. वयाने म्हातारे, पण रेडिओच्या बाबतीत अडाणी असलेले सगळे मच्छीमार ऐकत होते. "जीव जायची वेळ आली तर कधीही हाका मारा," त्याने सांगितलं. "पण बॅटरी दमलेली असेल तर ती वाया घालवू नका. लाल फाकेपर्यंत थांबा. त्या तीन मिनिटांत तुमच्या आवाजावर कुणाचा आवाज पडणार नाही. तेव्हा सगळे कान देऊन बसलेले असतात." वायोसने मान डोलावली. हे शब्द लक्षात ठेवा, कारण वायोसने ठेवले.

पाच महिने सगळं सुरळीत चाललं. रोज दुपारी पोलिझोस तेलाच्या घाण्यामागे गाडी लावायचा, दोन हजार एकशे ब्याऐंशीवर हेडफोन लावायचा आणि घड्याळ बघायचा. साडेचारला गाण्याची सावली टचकन थांबायची आणि तीन मिनिटं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. तो वहीत लिहायचा, '४:३० ते ४:३३, स्वच्छ.' केपवालेही खूश. त्यांनी साहेबांना पत्र लिहिलं की या अधिकाऱ्याने समजुतीने काम केलं. पोलिझोसच्या कौतुकाचं ते पहिलं आणि शेवटचं पत्र, त्याने ते घडी घालून पाकिटात ठेवलं होतं.

नोव्हेंबरात दक्षिणेचा वारा सुटला. बाकीच्या बोटी धक्क्याला लागल्या होत्या. वायोस आणि त्याचा गडी लाम्ब्रोस जाळी उचलायला म्हणून गेले होते, केपपासून चार मैलांवर. परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्याच्या बुचांना मिठी मारलेला लाम्ब्रोस सापडला, जिवंत, आणि दुपारी वायोस सापडला.

तिसऱ्या दिवशी लाम्ब्रोस कॉफीच्या दुकानात घोंगडी पांघरून बसला आणि त्याने काय झालं ते सांगितलं. मालामो नव्हती, पण तिच्या सासरचे होते, म्हणजे लगोलग तिला अक्षर न अक्षर कळणार होतं. पोलिझोस दाराजवळ उभा होता.

"चार वाजून दहा मिनिटांनी मागून पाणी शिरलं," लाम्ब्रोस म्हणाला. "मी म्हटलं, वायोस, हाक मार. तो म्हणाला, आत्ता मालामो बोलतेय, तिच्याखाली माझा आवाज कुणाला सापडणार? बॅटरी अर्धी पाण्यात आहे, एकदाच बोलता येईल. साडेचारला ती गप्प बसते, तेव्हा मारू. मी वीस मिनिटं पाणी उपसत होतो, तो घड्याळ बघत होता. छोट्या रेडिओवर ती बोलत होती. कुणाच्या तरी शेळीला जुळी झाली होती."

"मग?" बार्बा थोमासने विचारलं.

"साडेचारला ती थांबली. छोट्या रेडिओवर एकदम शांत. वायोस म्हणाला, बघ, कशी गप्प बसलीय माझ्यासाठी. आणि मग तो बोलायला लागला. बोटीचं नाव, जागा, माणसं दोन. पुन्हा पुन्हा, तिन्ही मिनिटं. कुणी उत्तर दिलं नाही. मग बॅटरी गेली."

सगळे केपवाल्यांना शिव्या घालायला लागले. झोपले होते, पत्ते खेळत होते, काय वाटेल ते. पोलिझोसला माहीत होतं की ते झोपले नव्हते, कारण त्या दिवशी साडेचारला तो स्वतःही ऐकत होता आणि त्यानेही काही ऐकलं नव्हतं. त्याच्या वहीत लिहिलेलं होतं, स्वच्छ.

तो गाडीत जाऊन बसला, वही उघडली आणि तेव्हा कुठे तो शब्द त्याला खटकला. सोळा वर्षं त्याने ती लहर जहाजांवर ऐकली होती. तिथली शांतता कधीच स्वच्छ नसते. खरखर असते, दूरच्या विजांचे तडाखे असतात, कुठल्या तरी टोकाला कुणाची तरी कुरकुर असते. सगळं एवढं निर्मळ कधी होतं? कुणीतरी मोठी लहर चालू ठेवून तोंड मिटून त्यावर बसलेलं असतं तेव्हा. मोठी लहर नुसती उभी राहिली तरी बारीक आवाज तिच्याखाली चेपून जातात, खरखरीसकट. शिकाऊ मार्कोनीलासुद्धा पहिल्या वर्षी हे शिकवतात. त्याच्या कानांना ते पाच महिने छान वाटत होतं.

साडेचार वाजत आले होते. घरात सुतक, आज गाणी नव्हती, काही नव्हतं. हेडफोनमध्ये खरखर होती. त्याने मीटरवरची मण्यांची माळ काढली. काटा तळाला पडलेला होता. बरोबर साडेचारला काटा ताडकन उभा राहिला आणि हेडफोनमधली खरखर पुसल्यासारखी गेली. तीन मिनिटं ती गेलेली होती. चार तेहतीसला काटा पडला आणि खरखर परत आली.

ती फक्त तोंडाने गप्प बसत होती. त्याने भिंतीपलीकडून गप्प म्हटलं, मार्कोनीचं गप्प, म्हणजे यंत्र बंद, लहर बंद, हात मांडीवर. तिने ऐकलं ते मास्तरचं आणि पाद्र्याचं. आवाजाचं बटण शून्यावर आणून, यंत्र चालू ठेवून, ती तीन मिनिटं श्वाससुद्धा जपून घेत बसत होती. भिंत ओलांडून एकदा आत गेला असता तर त्याला पहिल्या दिवशी दिसलं असतं. बादली घेऊन गेला असता तर वायोस आज कॉफी पीत बसला असता.

आणि आता नवरा गेल्यावर ती नेमकी तीच तीन मिनिटं यंत्र लावत होती.

पोलिझोसने काय करायला हवं होतं हे सांगायला कायदा नको. भिंतीशी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. समुद्रावर रोज बोटी जात होत्या, आणि रोज साडेचारला लाल फाकेत ती लहर बुजत होती. पण बोलला तर त्या बाईला कळणार होतं की नवरा कशाने मेला. आणि कचेरीला कळणार होतं की पाच महिने याच्या वहीत काय लिहिलं होतं, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. यात दया किती आणि भीती किती, हे त्याने मोजलं नाही. चौकशीच्या कागदावर त्याने लिहिलं, 'बॅटरी क्षीण असल्याने हाक पोचली नाही.' आणि रोज दुपारी घाण्यामागे जाऊन काटा उठताना आणि पडताना बघत राहिला. वहीत लिहायचा, स्वच्छ.

चाळिसाव्या दिवशी वायोसचं स्मरण झालं. चर्चमधून सगळे कॉफीच्या दुकानात आले, हातात उकडलेल्या गव्हाच्या गोड पुड्या, टेबलांवर कडू कॉफी आणि ब्रँडी. बार्बा थोमास सगळ्यांपुढे पेले ठेवत गेला आणि पोलिझोसचं टेबल वगळून पुढे गेला. चाळीस दिवस गाव असंच वागत होतं. केपवाले परके, त्यांना शिव्या देऊन काय मिळणार. हा हाताशी होता.

मालामो काळ्या कपड्यांत मधल्या टेबलापाशी बसली होती. तिने त्याला पाहिलं आणि उठून जवळ आली.

"तू शिकवलंस त्यांना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "लाल फाकेपर्यंत थांबा. तो थांबला. वीस मिनिटं थांबला, पायाखाली पाणी घेऊन. आणि तुमचे ते मोठमोठे कान कुठे होते?"

"मालामो, घरी जा," पोलिझोस म्हणाला. "इथे नको."

"इथेच. मी माझा शब्द पाळला. एकदाही चुकवलं नाही. त्या दिवशीही बसले होते, अशी, हात मांडीवर ठेवून. अजूनही लावते रोज साडेचारला. गाणं नाही, काही नाही, तीन मिनिटं नुसती गप्प. शेवटी तेच ऐकत होता ना तो." मग म्हणाली, "माझं गप्प राहणं तरी खरं होतं. तुझं ऐकणं खोटं निघालं, मेल्या."

कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "थुंक त्याच्या तोंडावर." ती थुंकली नाही. थुंकली असती तर तो गालावरचं पुसून निघून गेला असता, इतकं अंगवळणी पडलं होतं त्याच्या. पण खोटं म्हणाली, त्याच्या कानांना, आणि सगळ्यांसमोर. सगळं गिळायची त्याला सवय होती, एवढं एक गिळवलं नाही. ज्या थंडपणाने तो न्हाव्याचे व्हॉल्व्ह पाण्यात सोडत होता त्याच थंडपणाने बोलला.

"तू गप्प होतीस. तुझं यंत्र गप्प नव्हतं."

"म्हणजे?"

"आवाज बंद केलास, लहर चालू ठेवलीस. सावली केपवर उभीच होती. वायोस बोलत होता तेव्हा तू त्याच्यावर बसली होतीस."

बाकीच्यांना काही कळलं नाही. त्या दुकानात यंत्र कळणारी माणसं दोनच होती, एक तो आणि दुसरी ती. तारेचा एकेक वेढा तिने हाताने गुंडाळला होता. तिला समजावून सांगायला लागलं नाही, तिच्या चेहऱ्यावरून ते जाताना दिसलं. तिने टेबलाची कड धरली.

"मी गप्प म्हणजे..." ती म्हणाली. मग विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि मी रोज लावते ते?"

"तेही ऐकतो."

"वहीत काय लिहितोस?"

खोटं बोलायची ही शेवटची वेळ होती आणि ती त्याला साधली नाही. "स्वच्छ," तो म्हणाला.

एवढं मात्र बार्बा थोमासला कळलं. त्याचा मुलगा गेले सदतीस दिवस त्याच समुद्रावर जात होता. त्याने हातातलं तबक खाली ठेवलं, पोलिझोसच्या खुर्चीची पाठ धरली आणि तो उठेपर्यंत ती हळूहळू तिरकी करत राहिला. कुणी शिवी दिली नाही. त्याला वाट करून दिली, एवढंच.

दुपारी तो घाण्यामागे गेला. दुसरीकडे कुठे जाणार. गाडीच्या टपावर बादली ठेवलेली होती, त्याची नव्हे, मालामोच्या विहिरीची, कुजलेल्या दोराची. पाण्यात चार व्हॉल्व्ह तडकून पडले होते आणि तळाशी क्रिस्टल, ज्यावर एकच आकडा असतो.

त्याने बादली खाली ठेवली आणि हेडफोन लावले. साडेचार झाले. काटा तळाशी पडून राहिला. खरखर तशीच चालू होती, विजांचे तडाखे होते, आणि त्या सगळ्याच्या टोकाला एक माणूस बोलत होता. उत्तरेकडच्या बेटांतली बोट, इंजिन बंद, वाऱ्यावर वाहत चाललेली, माणसं चार. बॅटरी मरायला टेकलेली, आवाज एवढासा. जागा सांगितली ती त्याने सवयीने मनात नकाशावर टेकवली. केपपासून बेचाळीस मैल.

केपवरून लगेच उत्तर गेलं. "ऐकलं. मदत निघाली. आवाज स्वच्छ येतोय."

पोलिझोसने वही उघडली आणि लिहिलं, '४:३० ते ४:३३, खरखर.' मग त्याखाली बेचाळीस मैल लिहिले, आणि त्याखाली वायोसचे चार मैल.